भोपाळचा जुन्या गाड्यांचा मेळा आणि काकूंची ॲम्बॅसेडर

दोन व्याख्यानं पुढे ढकलून मी जुन्या मोटारी बघायला भोपाळला निघाले, तेव्हा आमच्या नागपूरच्या वाचनमंडळात कुजबुज झाली. "ताई, तुम्ही? राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे फोटो काढायला?" होय, मी. तीस वर्षं व्यासपीठावरून घसा फोडून सांगते आहे की वारसा म्हणजे फक्त राजवाडा आणि तोफ नव्हे. पण कॅमेरा हा माझा जुना आजार आहे, आणि वसंतातलं सकाळचं कोवळं ऊन जुन्या गाडीच्या चकचकीत बंपरवर पडलं की माझ्यातली भांडखोर बाई घटकाभर गप्प बसते. गेल्या काही वर्षांत फेब्रुवारी-मार्चमधले असे चार मेळे मी पालथे घातले आहेत. तेव्हा ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी माहितीही देते, आणि जे झालं तेही सांगते.

यंदा निमित्त होतं दिगंबरकाकांच्या फोनचं.

दिगंबरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. राज्याची फेररचना झाली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांची दप्तरं तिकडे हलली आणि दप्तरांबरोबर माणसंही. काकांचे वडील त्यातलेच एक कारकून. काका मात्र खुर्चीवर न बसता स्टिअरिंगमागे बसले. चौतीस वर्षं सरकारी गाडी चालवली, त्यातली बरीच वर्षं एकच पांढरी ॲम्बॅसेडर. ती गाडी खात्याने लिलावात काढली तेव्हा ती त्यांनीच घेतली. मग कित्येक वर्षं ती विटांवर उभी होती. निवृत्तीनंतर एकेक भाग शोधून, एकेक पुर्जा जोडून, दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती चालती केली.

"शुभा, आपल्या गाडीला मेळ्यात एंट्री मिळाली," काका फोनवर म्हणाले. "तू बस कॅमेरा घेऊन ये. बाकी टेन्शन नको घेऊ. मला एकच फोटो पाहिजे."

"कोणता?"

"काकू मागच्या सीटवर, मी पुढे. गाडी चालती."

"मग त्यात काय अवघड आहे?"

मग हळूच, "ती बसत नाही ना."

"मेळ्यात?"

"गाडीत. आजपर्यंत एकदाही नाही बसली. तू बोलून बघ. तू एवढी भाषणं देते."

झालं. शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी गाडी काढली.

नागपूर ते भोपाळ साडेतीनशे किलोमीटर धरा. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, इटारसी, नर्मदेचा पूल, ओबेदुल्लागंज, मंडीदीप. थांबत थांबत गेलात तर सात तास. रस्ता बहुतेक चौपदरी आणि उत्तम आहे; बैतूलच्या पुढे बरेठ्याच्या घाटात मात्र अरुंद होतो आणि ट्रक एकामागे एक मुंगीसारखे चालतात. तिथे ओव्हरटेक करायची घाई करू नका. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा, टोलनाके मोजून कंटाळाल. पांढुर्ण्यापर्यंत दुकानांच्या पाट्यांवर मराठी दिसते, मुलताईला ती पाट्यांवरून उतरून माणसांच्या तोंडी राहते, आणि बैतूलच्या पुढे तीही हळूहळू मागे पडते. मुलताईला एका टपरीवर तीस रुपयांत पोहे खाल्ले, वर शेव, बाजूला दोन गरम जिलब्या. पोह्यांबरोबर जिलबी ही कल्पना ज्या माणसाला पहिल्यांदा सुचली त्याचा पुतळा अजून का नाही, हे मला समजत नाही.

आणि पळस! घाटाच्या दोन्ही बाजूंनी पानं झडलेला, फक्त फुलांचा. मी चारदा गाडी बाजूला घेतली. माझ्या फोटोंमध्ये तो कधीच नीट येत नाही. डोळ्यांना जो जाळ दिसतो तो कॅमेऱ्यात टोमॅटो सॉससारखा येतो. तुम्ही आपले बघून घ्या आणि पुढे चला.

मिसरोदला भोपाळ सुरू होतं ते आधी वाहतुकीच्या रूपाने सुरू होतं. तिथून शहराला वळसा घालून अयोध्या नगरला पोचायला तास गेला. काकांचं घर गल्लीच्या टोकाला, आणि घरासमोर पत्र्याच्या शेडखाली ती. पांढरी, गोल, गुबगुबीत. मागच्या काचांना पडदे. मागच्या सीटच्या पाठीवर पांढराशुभ्र टॉवेल, इस्त्री केलेला. ज्यांनी कधी सरकारी गाडी आतून पाहिली आहे त्यांना हा टॉवेल ठाऊक असेल. हुद्दा जितका मोठा, टॉवेल तितका पांढरा.

"टॉवेल कोण धुतं काका?"

"मी धुते," दारातून वत्सलाकाकू म्हणाल्या. "इस्त्रीही मीच करते. ये आत. हातपाय धू, पाटवड्या गार होताहेत."

पाटवडीचा रस्सा असा होता की नागपूर सोडून आले आहे हे विसरायला झालं. जेवताना दोघं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत हे माझ्या लक्षात आलं. बोलायचं ते माझ्यामार्फत.

"शुभा, यांना विचार, भाकरी पाहिजे का."

"तिला म्हणाव अर्धी."

मी अर्धी भाकरी काकांच्या ताटात ठेवली आणि विषय काढला. "काकू, परवा तुम्ही गाडीत बसणार ना?"

"नाही."

"का पण?"

"तुझ्या काकांना विचार. नियम त्यांना जास्त माहीत आहेत."

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग काकूंनीच सांगितलं, आणि असं रंगवून सांगितलं की मला व्यासपीठावरच्या माझ्या तीस वर्षांची लाज वाटली.

तेव्हा ते चार इमली या साहेबांच्या वसाहतीच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरांच्या क्वार्टरमध्ये राहत. मुलाच्या, प्रकाशच्या वेळी काकूंना पहाटे कळा सुरू झाल्या. दाराबाहेर हीच गाडी उभी, टाकी भरलेली, किल्ली काकांच्या खिशात. आणि काका टांगा आणायला धावले.

"टांगा!" काकू म्हणाल्या. "मी ओट्यावर बसून गाडीकडे बघते आहे, गाडी माझ्याकडे बघते आहे. शेजारची म्हणाली, अगं, गाडी तर आहे. मी म्हटलं, ती सरकारची आहे, मी यांची आहे. टांगेवाला इतका भला, खड्डा आला की घोड्यालाच सांगायचा, धीरे बेटा, धीरे. यांनी तेवढंही म्हटलं नाही. हे टांग्याच्या मागे सायकलवर."

"सरकारी वाहनात घरच्यांना बसवायचं नाही, असा नियम होता," काका खालच्या आवाजात म्हणाले.

"बाकीचे ड्रायव्हर बसवायचे."

"ते बसवायचे. मी नाही."

मला राहवलं नाही. मी सुरू झाले. नियम माणसासाठी की माणूस नियमासाठी, बाळंतीण ही सरकारपेक्षा मोठी की छोटी, आणि खुर्चीतल्या माणसाच्या मुलांना शाळेत सोडायला तीच गाडी जात होती की नाही? आवाज चढला होता. काकूंनी माझ्या पानात रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "त्यांना नावं ठेवू नकोस. नियम पाळला, चूक काय केली? चौतीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नाही त्यांच्याकडे. मी फक्त एवढंच ठरवलं की मग त्या गाडीत मीही बसणार नाही. त्यांचा नियम त्यांनी पाळला, माझा मी पाळते."

मी रस्सा ओरपला.

शनिवारी सकाळी सातलाच मेळ्याच्या मैदानावर पोचले. मैदान मोठ्या तलावाच्या बाजूला. पहिला दिवस बाहेरगावच्या गाड्यांचा, नुसत्या उभ्या राहण्याचा. दुसऱ्या दिवशी भोपाळच्या गाड्याही येणार आणि सगळ्यांची फेरी निघणार. पास शंभर रुपयांचा, दोन्ही दिवस चालतो. पार्किंग फुकट, पण नऊनंतर जागा मिळत नाही.

फोटो काढायचे असतील तर सात ते नऊ. त्यानंतर गर्दी होते आणि ऊन पांढरं पडतं. कपडे गडद रंगाचे घाला, नाहीतर प्रत्येक बंपरमध्ये तुमचा पिवळा कुर्ता दिसेल. पहिल्या मेळ्यातल्या माझ्या सगळ्या फोटोंमध्ये मी आहे. गुडघे टेका. गाडी उभ्याने काढली की खेळण्यासारखी दिसते, हेडलाइटच्या उंचीवरून काढली की तुमच्याकडे बघते. बॉनेटवर कॅमेऱ्याची पिशवी ठेवू नका. आणि गाडीला टेकून ओठांचा चंबू करणाऱ्या मंडळींवर चिडू नका. मी चिडते, पण उपयोग होत नाही.

काय नव्हतं तिथे! लाकडी चाकांची एक मोटार, तिचा हॉर्न रबरी फुग्याचा. वाघ मारायला नेत असत म्हणे अशी एक उघडी लांबलचक गाडी, तिच्या बाजूला बंदुकीसाठी कातडी खोबण. हिरवी हेरॉल्ड, तीन जीपगाड्या, एक इवलीशी दोन दारांची मोटार, जिच्यात एक भलामोठा गृहस्थ बसून फोटो काढून घेत होता आणि नंतर त्याला बाहेर काढायला दोघं लागले. वातावरण लग्नघरासारखं. जो तो दुसऱ्याच्या गाडीखाली डोकावतो आहे, मनातल्या मनात खोट काढतो आहे आणि तोंडावर वाहवा करतो आहे.

एका लांब मरून गाडीजवळ मी गुडघ्यावर बसले होते. मालक इंदूरचे, मराठी, बोलायला गोड. बाजूला त्यांचा ड्रायव्हर हातात फडकं घेऊन उभा होता. फ्रेम सुंदर जमली होती: गाडीचं नाक, फडकं, त्या माणसाचा हात. तेवढ्यात मालक म्हणाले, "ए रामदीन, बाजूला हो रे. मॅडम फोटो काढताहेत."

"त्यांना राहू द्या," मी म्हटलं. "मला तेच हवे आहेत."

"अहो, तो ड्रायव्हर आहे."

"म्हणूनच. ही गाडी इंदूरहून इथपर्यंत कोणी आणली?"

"यानेच."

"सकाळी पुसली कोणी?"

"यानेच, पण—"

"मग फोटोत कोण पाहिजे?"

मालक हसले. माणूस दिलदार होता, मान्य करते. त्यांनी रामदीनला स्वतः हात धरून गाडीजवळ उभं केलं. तो इतका ताठ झाला की आधीची मजा गेली. मी त्याला विचारलं, "गाडी नखरे करते का?" तर तो म्हणाला, "मैडम, सास है मेरी. सुबह-सुबह मनाना पड़ता है." सगळे हसले, तोही हसला, आणि मी फोटो काढला. शनिवारच्या तीनशे फोटोंमधला तो एक मी घरी लावणार आहे.

रविवारी पहाटे उठून बघते तर काका गणवेशात. पांढरी पँट, पांढरा बुशकोट, टोपी. दाढी इतकी घोटून केलेली की गाल गाडीसारखा चमकत होता.

"काका, आज तुम्ही मालक आहात. हे कशाला?"

"मालक मी नाही," काका म्हणाले. "फॉर्ममध्ये मी ड्रायव्हर लिहिलं आहे. मालकीण ती आहे."

मग कळलं. आपल्याच खात्याच्या लिलावात त्यांना बोली लावता येत नव्हती. पत्नीच्या नावाने घेतली तर चालेल का, असं त्यांनी लेखी विचारलं, लेखी उत्तर आलं, तेव्हाच गाडी घेतली. ते उत्तर आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांबरोबर आहे. म्हणजे ज्या बाईला गाडीत बसवलं नाही, तिच्या नावावरच ती गाडी इतकी वर्षं उभी होती. मी काकूंकडे पाहिलं. त्या डबा भरत होत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "सही केली होती मी. सही करणं वेगळं, बसणं वेगळं. मी तुझ्या गाडीत येते."

तर आमची वरात अशी निघाली: पुढे ॲम्बॅसेडर, तिच्यात काका एकटे, मागची सीट टॉवेलसकट रिकामी, आणि तिच्यामागे माझ्या गाडीत मी आणि तिची मालकीण, मांडीवर डबा. वाटेत सिग्नलला एका स्कूटरवाल्याने ॲम्बॅसेडरला रस्ता करून दिला. कोणी साहेब असेल म्हणून असणार. काकू म्हणाल्या, "बघ, रिकाम्या सीटलाही मान आहे."

मैदानाशी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. स्थानिक गाड्यांसाठी फाटक नऊला बंद होणार होतं. आमच्या पुढे चार-पाच गाड्यांवर काकांची गाडी. फाटकावरच्या रक्षकाने आत डोकावलं, पांढरी ॲम्बॅसेडर, पडदे, टॉवेल, गणवेशातला ड्रायव्हर बघितला, मागची सीट रिकामी बघितली, आणि हात हलवला. गाडी आत जाण्याऐवजी डावीकडे वळली.

मी माझी गाडी जिथे जागा दिसली तिथे घुसवली आणि आम्ही दोघी धावलो. डावीकडे, कडुनिंबांच्या रांगेखाली, पाहुण्या अधिकाऱ्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर घोळक्याने चहा पीत होते. त्या रांगेत, नाक बाहेरच्या बाजूला करून, बरोबर दोन फूट अंतर ठेवून, काकांनी ॲम्बॅसेडर लावली होती. ते बाजूला उभे राहून फडक्याने आरसा पुसत होते.

"काका! इथे काय करताय?"

"तो म्हणाला, ड्रायव्हर लोग उधर."

"आणि तुम्ही आलात?"

काकांना माझा प्रश्नच कळला नाही. चौतीस वर्षं ज्या माणसाला फाटकावर 'उधर' म्हटलं की तो तिकडे गेला, तो आज दुसरं काय करणार? खिशात एंट्रीचा कागद होता. तो दाखवायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

कागद घेऊन मी फाटकावर गेले, आणि वाचकहो, मी बोलले. कबूल करते, भाषणच केलं. ही गाडी नवाबाची नाही म्हणून तिची किंमत कमी का? फायली, दौरे, दुष्काळ, निवडणुका, या राज्याची पहिली चाळीस वर्षं ज्या गाडीच्या चाकांवर चालली, ती या मेळ्यात नाही तर कुठे जाणार? ज्या माणसाने ती चालवली त्याला तुम्ही झाडाखाली पाठवता आणि ज्याने नुसती विकत घेतली त्याला फेटा बांधता? मागे दहा-पंधरा लोक जमले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. एकाने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं.

रक्षकाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मैडम, बात तो आपकी सोलह आने सही है. पर लिस्ट दीदी के पास है."

यादीवाली ताई कॉलेजातली मुलगी होती, घाईने पानं उलटत होती. तिने नाव शोधलं. "मिल गई. गाड़ी है, ड्राइवर का नाम है, ओनर वत्सला जी. आंटी, ओनर गाड़ी में होना चाहिए, तभी अंदर जाएगी. रूल है. पेपर पर साइन भी वही करेंगी." घड्याळ बघितलं. "दस मिनट हैं."

नियम! मी तशीच परत आले. माझं सगळं वक्तृत्व त्या एका ओळीपुढे आपटलं होतं. काका-काकूंना सांगितलं. काकांनी फडक्याची घडी घातली.

"राहू दे शुभा," ते म्हणाले. "इथे सावली छान आहे. इथेच एक फोटो काढ, गाडीचा. तिला उगाच परेशान नको करू."

पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, घोटून दाढी केलेला. या एका सकाळसाठी वर्षानुवर्षं पुर्जे शोधत फिरलेला. आणि आता तो मला समजावत होता की सावली छान आहे.

पलीकडून चहा पिणाऱ्यांपैकी एकाने अस्सल भोपाळी हाक मारली, "को खां, किसको लाए हो? साहब कौन हैं?"

काका काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "साहब कोई नहीं है, भैया. गाड़ी मेरी है."

काकूंनी डबा माझ्या हातात दिला. "धर. सांडू नकोस, बेसनाचे लाडू आहेत." आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.

काकांना कळलं. मी सांगते, त्या वयात माणूस इतका झटकन हलू शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोन पावलांत ते मागच्या डाव्या दाराशी. दार उघडलं, टाचा जुळवल्या, डावा हात दाराच्या वरच्या कडेवर, डोकं लागू नये म्हणून. हजारो वेळा केलेली हालचाल. टॉवेल सरळ होता. मी डबा काखेत मारून कॅमेरा डोळ्याला लावला. हाच तो फोटो. मागची खिडकी, पडदा, टॉवेल, काकू.

काकूंनी उघड्या दाराकडे बघितलं. आत टॉवेलकडे बघितलं. मग काकांकडे.

"मी काय दौऱ्यावर निघाले आहे का, मागे बसायला?"

आणि त्या पुढे गेल्या. पुढचं दार स्वतः उघडलं. ज्यांना या गाड्या आठवतात त्यांना ठाऊक आहे, पुढची सीट एकसंध असते, बाकासारखी, गिअर स्टिअरिंगलाच, मध्ये काही नसतं. त्या लांब बाकावर साडी सावरून काकू बसल्या.

काका मागचं दार धरून तसेच उभे. "पुढे साहेबांचा अर्दली बसायचा," ते म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे.

"अहो, चला ना. नऊ वाजतील."

हे त्या थेट म्हणाल्या. माझ्यामार्फत नव्हे.

काकांनी मागचं दार लावलं, वळसा घालून आले, बसले. मी पळत पुढच्या काचेसमोर, वीसएक पावलांवर, माझा सगळा बेत फसलेला. मागच्या खिडकीसाठी लावलेला कॅमेरा भराभर बदलला. काचेतून दिसत होतं: काका काकूंकडे वळले आणि काहीतरी बोलले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. तेवढ्यात मी बटण दाबलं. मग गाडी सुरू झाली, आणि सगळ्या ड्रायव्हरांनी चहाचे कप वर केले.

फाटकावर रक्षकाने वाकून विचारलं, "मालिक?"

काकूंनी काच खाली केली, "मैं." रक्षकाने सलाम ठोकला. यादीवाल्या मुलीने पेन पुढे केलं. नऊला तीन मिनिटं होती.

फेरी चाळीसेक मिनिटं चालली. बक्षिसं कोणाला मिळाली ते तुम्हाला दुसरीकडे वाचायला मिळेल. आम्हाला मिळालं नाही. परीक्षकांनी काकांच्या गाडीचे आरसे मूळचे नाहीत म्हणून गुण कापले, आणि काकांनी त्यांना मान डोलावून दाद दिली, कारण ते खरं होतं. निवेदकाने मात्र कमाल केली. "अब आ रही है शासन की शान" असं काहीतरी तो गरजला आणि गर्दीतले कित्येक म्हातारे हात हलवू लागले. त्यांना राजाची गाडी बघून हात हलवावासा वाटला नव्हता. कचेरीची गाडी बघून वाटला. हे मी माझ्या पुढच्या व्याख्यानात वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

फेरीनंतर काकूंनी फर्मान काढलं की तलावाला एक चक्कर मारायची. काका म्हणाले पेट्रोल जातं. काकू म्हणाल्या, गाडी कोणाची? मग ॲम्बॅसेडर पुढे आणि मी मागे, तलावाच्या काठाने. काठावर थांबून लाडू खाल्ले, ड्रायव्हर मंडळींसाठी चार बाजूला काढून ठेवले होते ते मात्र द्यायचे राहून गेले.

सोमवारी परत. येताना घाटात पळस तसाच, मी थांबले नाही. नागपूरला पोचून सहाशे फोटो संगणकावर टाकले. बहुतेक चांगले आहेत. लाकडी चाकं आहेत, रामदीन आहे, बंदुकीची खोबण आहे. आणि तो एक. फोकस किंचित हलला आहे, काचेवर कडुनिंबाची सावली पडली आहे. पण बाकासारख्या सीटवर दोघं आहेत, काकूंचा पदर खांद्यावर, काकांचं तोंड अर्धवट उघडं, काकूंकडे वळलेलं. जन्मभर तिऱ्हाइतामार्फत बोललेला माणूस बायकोला थेट काहीतरी सांगतो आहे.

काय म्हणाले असतील? चार दिवस मी त्या तोंडाकडे बघत होते. मला शब्दांचा धंदा आहे. माझ्या डोक्यात त्या तोंडात घालायला दहा वाक्यं तयार होती. शेवटी राहवेना. फोटो काकूंच्या मोबाइलवर पाठवला आणि फोन लावला.

"काकू, खरं सांगा. तुम्ही बसल्यावर काका काय म्हणाले?"

काकू हसायला लागल्या. इतक्या की मागून काकांचा आवाज आला, काय झालं, काय झालं.

"काय म्हणणार?" त्या म्हणाल्या. "म्हणाले, दार पुन्हा लाव. हे दार एका झटक्यात लागत नाही."

"आणि मग?"

"मग काय. लावलं मी पुन्हा."